पेटी क्रमांक एकोणचाळीस

माझ्या मॉडेलमधल्या पक्ष्याचं वजन अठरा ग्रॅम.
त्याला पंख नाहीत;
समीकरणात त्यांची गरज पडली नाही.
तो अळ्या खातो, विष साठवतो,
थोडं विष्ठेतून टाकतो, थोडं अंड्यांत उतरवतो,
आणि शेवटच्या ओळीवर
मरतो किंवा मरत नाही.

अँटवर्पच्या बाहेर, कारखान्याच्या कुंपणाला लागून
गोडेलीव्ह शिडी लावते.
वय एकाहत्तर. शिडीआधी गुडघे कुरकुरतात.
झाकण उचलून ती आत बघत म्हणते,
"माफ कर हं बाई,"
आणि एक अंडं घेते. एकच. कापसात.
वहीत लिहिते: आठ होती, सात ठेवली.

ती सात माझ्यापर्यंत येत नाहीत.
येतो एक आकडा,
दशांशाच्या जागी इथल्या रिवाजाचा स्वल्पविराम,
मी त्याचं टिंब करून आलेखावर बसवतो.

यंदा रेष सुरेख बसली.
फक्त एकोणचाळीसचं टिंब लांब, एकटं:
इतकं विष, आणि तरी सगळी पिल्लं उडालेली.
"अपवाद आहे," मी फोनवर म्हटलं, "वगळू या."

पलीकडे बराच वेळ ट्रकांचा आवाज.
मग ती म्हणाली,
"वानेस, उडाली असं मी कुठे लिहिलं?
पेटी रिकामी होती, असं लिहिलं होतं."

मी फाइल उघडली.
रकान्याचं नाव मीच ठेवलेलं:
उडाली. हो की नाही.