पहिला भाग

दुसरा भाग मी घेतला होता, रोख पैसे मोजून.
त्यात गवताचं पातं न् पातं वेगळं हलतं,
घोड्याच्या नाकातून वाफ येते,
आणि गावात शिरलं की हवेत एक पिवळा बाण उगवतो:
इकडे. आता इकडे. पोचलात.
अठरा तास खेळलो.
एकाही माणसाला वाट विचारली नाही.

पहिल्या भागात विचारावीच लागे.
धक्क्यावरचा तराफेवाला खोकून सांगायचा,
"जळक्या गिरणीपासून डावीकडे, मग ओढा,
ओढा सोडू नका, तीन दगड दिसतील."
अगदी आपल्या सदाशिव पेठेतल्यासारखं,
जिथं पत्ता सांगणारा अजूनही
कधीच पाडलेल्या थेटरासमोरून वळवतो.
ओढा लागायचा. दगड मात्र दोनच.
तराफेवाला चुकला, की प्यायलेला होता,
की आम्हीच गिरणी ओलांडून पुढे आलो?
यावर मी आणि हेरंब
दोन हजार पाच साली, धनकवडीच्या खोलीत,
दोघांत एक माउस,
रात्री दोनपर्यंत भांडायचो
आणि पलीकडून शिंत्रेकाका भिंतीवर थाप मारायचे.

फ्लुइड मेकॅनिक्सच्या वहीत, मागून चौथ्या पानापासून,
नकाशा होता.
उत्तर कुठली यावर एकमत झालं नाही,
म्हणून कागदावर उत्तर दिशा दोनदा आहे.
एक त्याची, एक माझी.

एकदा चुकून कुलपं करणाऱ्या म्हाताऱ्याला मारलं.
खेळ थांबला नाही, रागावलासुद्धा नाही.
फक्त किल्ल्याचा मागचा दरवाजा पुढे कधीच उघडेना.
का, ते पंधरा दिवसांनी कळलं.
दुसऱ्या भागात महत्त्वाची माणसं मरत नाहीत.
गुडघा टेकतात, धापा टाकतात,
उठून पुन्हा तेच वाक्य बोलतात.

हेरंब आता खराडीत बाण करतो.
म्हणजे खरोखरच. कुठल्याशा दुसऱ्या खेळाचे.
खेळणारा हरवू नये, ही त्याची नोकरी.
परवा बावधनला जेवायला आला. म्हणाला,
"तुला खेळ नाही आठवत, विशीतला मोकळा वेळ आठवतोय.
मगरपट्ट्याला पाऊण तास अडकून घरी आलेला माणूस
तुझा तिसरा दगड शोधत बसेल?
पहिल्या तासात हरवला की दहातले चार
परत येत नाहीत. आकडे आहेत माझ्याकडे."

बरोबर आहे, मी म्हणालो.
आणि आहेच बरोबर. पहिल्या भागात तलवार चालवणं म्हणजे
लाटण्यानं डास मारणं होतं,
आणि नदी दिसायची थिजलेल्या तुपासारखी.
तो स्वतः, बाणांचा कारागीर,
फोनमधल्या बाणाचं ऐकून चांदणी चौकात
भलत्याच रॅम्पला लागला आणि अर्धा तास उशिरा पोचला,
हे मी काढलं नाही.
आमटी दोनदा गरम केली, तेही नाही.

मग वही काढली. कोपरा कसरीनं खाल्लेला.
पश्चिमेचा डोंगर. दीड रात्र चढलो होतो तो.
वर गुहा. गुहेत पेटी नाही, राक्षस नाही,
एखादं हाडूकसुद्धा नाही.
वैतागून बाहेर आलो तर खाली, खूप खाली,
तराफेवाल्याचं गाव.
सात दिवे. मोजले होते.
त्या जागी हेरंबच्या किरट्या अक्षरात,
खाली दोन रेघा ओढून:
"इथे काही नाही."

त्यानं त्या रेघांवरून अंगठा फिरवला.
"आमच्याकडे अशी गुहा पास होत नाही," म्हणाला.
"रिकामी ठेवली की तक्रार येते.
मीच टाकतो काहीतरी. निदान एक नाणं."

थोड्या वेळानं म्हणाला, "लाव."

जुना कॉम्प्युटर उठायला चार मिनिटं घेतो.
पंखा घरघरला. धक्का आला.
तराफेवाला आला, आणि त्याचा तोच खोकला.
"गिरणीपासून डावीकडे," हेरंब त्याच्याआधीच म्हणाला,
माउस माझ्या हातातून काढून घेतला
आणि उजवीकडे वळला.