तीनला

दुलुथहून तासाभरावर. एप्रिल संपत आला तरी
रस्त्याकडेला काळपट बर्फाचे ढीग,
डांबरावर अजून हिवाळ्याचं मीठ.
एइनो केट्टुनेनच्या गॅरेजचं शटर अर्ध्यावर अडकतं.
वाकून आत गेले.

जुन्या चादरीखाली ती. सोळाशे सीसी,
एकोणीस वर्षांची, टाकी मरून,
डाव्या बाजूला नाण्याएवढा पोचा.
आधी इंजिनला हात लावला. गार.
बरं वाटलं. काही जण गिऱ्हाईक यायच्या आत
तापवून ठेवतात,
म्हणजे सकाळचा खोकला ऐकू जात नाही.

तेल पाहिलं. टायरवरची तारीख वाचली.
पट्ट्याच्या दातांवरून बोट फिरवलं.
जिभेवर आकडा घोळवत होते,
तेवढ्यात तो म्हणाला,
"आडवी पाड."

काय?

"पाड आणि उचल. मग पैशांचं बोलू."
फरशीवर गादी आधीच अंथरलेली,
पलंगावरची, निळ्या पट्ट्यांची.

साडेसातशे पौंड.
गादीवर तिनं म्हशीसारखी बसकण मारली.

बावीस वर्षं हाडांच्या वॉर्डात रात्रपाळी केली मी.
हातांनी कुणी माणूस उचलत नसतं.
पाठ द्यायची, बूड खाली, टाचा रोवायच्या
आणि त्याच्या कानाशी सांगायचं,
तीनला उठायचं हं.

सीट कमरेशी घेतली. एका हातात हँडल,
दुसऱ्यात मागचा दांडा.
"एक, दोन," सवयीनं मोठ्यानंच म्हणाले.
तीनला ती आली,
पाऊल पाऊल मागे रेटत, कुरकुरत, उभी.

एइनो माझ्या टाचांकडे बघत होता.
मग गादीची घडी घालायला गेला.
गादीची घडी होत नाही.

"सप्टेंबरात पंपावर पडली," तो गादीलाच म्हणाला.
"दोन पोरं धावत आली. सर, सर करत.
हसली असती तर बरं झालं असतं."

बाहेर पन्हाळीतून बर्फाचं पाणी ठिबकत होतं.
त्यानं स्वेटर काढला. खिळ्याला अडकवला.
गादी पुन्हा सरळ केली.
"पाठ अशी?"
थोडी खाली, म्हटलं. गुडघे सांभाळा.

गाडी हळूच आडवी केली मी.
शहात्तर वर्षांची पाठ तिला टेकली.

त्याला ती उचलली तर तो विकेल कशाला?
माझ्या खिशात मोजून आणलेले साडेचार हजार.
मी मोजायला लागले:
एक.