रडीचा डाव

तोक्तोसुन म्हणजे ‘थांबू दे याला’.
त्याच्याआधीची दोन बाळं घरात राहिली नव्हती,
म्हणून आईने नावातच दावं बांधलं होतं.
अकरा वर्षं टिकलं दावं.
मग मार्चमध्ये ताप आला,
खिंडीत छातीइतकं बर्फ,
डॉक्टरची गाडी पलीकडेच उभी राहिली.

नाव खोटं बोलतं का?
हे मी कुणालाच विचारलं नाही.

त्यांच्या अंगणात नमद्याचा तंबू उभारला.
आत बायका भिंतीकडे तोंड करून
सुरात रडत होत्या.
मला तो सूर येत नव्हता.
मी बाहेर बसून बूट मोजले.
एकोणसत्तर.
एक कुत्र्याने पळवला असणार.

माझ्या खिशात तोक्तोसुनचा साका होता.
बाकीची हाडं मेंढीच्या घोट्याची, साधी, पांढरी.
साका मोठा, रानमेंढ्याचा,
पोटात शिसं ओतलेला,
कांद्याच्या सालीत उकळून लाल केलेला.
त्याने एकट्याने केला होता,
बोट पोळलं तरी घरी सांगितलं नाही.

तो मी जिंकला होता.
आणि तोही रडीने.

हाड पडलं होतं पोटावर. पोटावर म्हणजे हार.
तेवढ्यात तो म्हणाला, “टाइमप्लीज, नाडी सुटली,”
आणि वाकला.
मी करंगळीने हळूच लोटलं.
“आल्ची!” मी ओरडले.
तो उठला, हाडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.
“आल्ची तर आल्ची,” म्हणाला,
आणि साका काढून दिला.

परत करणारच होते.
उद्या, परवा, बर्फ वितळल्यावर.

टेकडीवर, जिथे त्याला नेलं,
तिथे आम्ही मुली जात नाही.
मग गुरुवारी आई बोर्सोक तळायला बसली.
गेलेल्यांना जेवता येत नाही,
पण तेलाचा वास पोचतो म्हणे त्यांच्यापर्यंत.
आईची पाठ वळली तशी
मी साका कढईवर, वाफेत धरला.
म्हटलं, वासाबरोबर हाही जाऊ दे.
तापला.
माझंही बोट पोळलं.
गेला मात्र नाही.

मे महिन्यात पायवाटा दिसायला लागल्या
आणि बायतिक आला, त्याचा धाकटा, सहा वर्षांचा,
हाडांची पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून.
“मला भिडू नाही,” म्हणाला.

पायात तोक्तोसुनचे बूट.
मोठे होतात म्हणून आत गवत कोंबलेलं,
पाऊल टाकलं की चुबुक, चुबुक.
मला त्याच्या तोंडाकडे बघवेना
म्हणून मी बुटांकडे बघत होते.
काळे. रबरी. गुडघ्यापर्यंत गुळगुळीत.

नाड्या नव्हत्या.

भोकंसुद्धा नव्हती नाड्यांना.
मग अख्ख्या शरद ऋतूत, त्या चिखलात,
दर डावाला एकदा तरी
खाली वाकून, इतका वेळ लावून
तो काय बांधत होता?

तेव्हा मला रडू आलं.
सुरात नाही, नाकातून, घाणेरडं,
बाहीने पुसावं लागेल असं.
बायतिक थांबला. पिशवी खाली ठेवली.
पुन्हा उचलली.
“आता खेळायचं?” त्याने विचारलं.

मी वर्तुळ आखलं.
नेम कसा धरायचा ते दाखवलं, अंगठा असा, डोळा असा.
तीन वेळा त्याने हाड मातीत भिरकावलं,
एकदा आमच्या कोंबडीला लागलं.
चौथ्यांदा बरोबर पडलं,
म्हणजे वर्तुळात,
पण पोटावर.

त्याचा खालचा ओठ बाहेर आला.
अगदी तसाच. दादासारखा.

“टाइमप्लीज,” मी म्हणाले, “नाडी सुटली.”
वाकले.
माझेही बूट रबरीच.
वाऱ्याने थोडी धूळ उडाली, ती बघत बसले,
टाचेवर चिकटलेलं गवत काढलं,
परत लावलं.

मागे खुट्ट झालं.

“आल्ची!”

मी उठले. हाडाकडे बघितलं.
“आल्ची तर आल्ची,” म्हणाले,
आणि खिशात हात घातला.