कबर्डातला पी

मुलाचा फोन आला. इथे सव्वासात,
तिकडे चिपळुणात पावणेदहा,
झोपायची वेळ टळून गेलेली, गृहपाठ तसाच.
"बाबा, कपबर्डमधला पी बोलत का नाही?"

मी मुहर्रकच्या खोलीत, खालच्या बंकवर,
एक मोजा काढलेला, एक पायात.
खोलीत सहाजण, तीन कपाटं,
म्हणजे माणशी एक दार.
म्हटलं, थांब हं, विचारून सांगतो.

वरच्या बंकवर क्लेमेंट. मंगळूरचा.
एके काळी शाळेत इंग्रजी शिकवायचा,
आता विमानतळावर ट्रॉल्या गोळा करतो.
त्याने आधी घसा खाकरला, मास्तरासारखा,
मग म्हणाला, कप आणि बोर्ड.
पेले मांडायची फळी. बस्स, एवढंच होतं ते.
उघडी फळी, पाहुण्यांना दिसावी म्हणून.
दार नाही, कडी नाही,
लपवायचं असं काहीच नाही.
दारं मागाहून आली.

"आणि पी?"
"पी आणि बी, दोघंही ओठांवरचे.
एका दारातून एकदम दोघं कसे निघतील?
एकाने मागे थांबायचं."

उस्मान नाखवा बिजागरी पिळत होता.
हाडाचा सुतार, गाव दापोलीजवळ,
बोलताना तोंडात नेहमी दोन स्क्रू.
ते हातात काढून म्हणाला,
"अरे, कपाट आपलंच!
सायबाने ऐकलं नि उचललं."
क्लेमेंट हसला. म्हणाला, नातं नाही,
नुसता चेहरा मिळतो.
नाखव्याला ते पटलं नाही. अजून पटलेलं नाही.

एक तारखेला बू जासिम येतो भाड्याला.
तो म्हणतो कबत.
कुण्या साहेबाच्या तोंडून सांडलेलं
त्याच्या बापजाद्यांनी वेचलं असणार.
गेल्या महिन्यात दारावर थाप मारून म्हणाला,
"कबत जदीद, किराया ज्यादा."
जदीद कसलं! नाखव्याने मागची फळी बदलली, तीसुद्धा
खजुराच्या खोक्याची.
आत वाकून पाहिलं तर अजून खजूर छापलेले दिसतात.

मला आमचे संस्कृतचे सर आठवले.
छत्तीस मार्कांवर मला ढकलून पास केलेला.
ते सांगायचे, कपाट म्हणजे दार.
मुळात दारच. देवळाचं, वाड्याचं, कुणाचंही.
वस्तू ठेवायचं ते नंतर झालं.
तेव्हा वाटलं होतं, हे कशाला पाठ करायचं?

आता इथे
खोलीचं दार सहाजणांचं,
मोरीच्या दाराला कडीच नाही,
कंपनीच्या फाटकाची किल्ली कंपनीकडे.
ज्याला मी आतून ओळखतो,
ज्याची किल्ली माझ्या करदोट्याला आहे,
असं दार एकच, दीड फूट रुंद.
ते उघडलं की आमसुलांचा वास येतो.
दोन शर्ट, गोडा मसाला, बायकोने शिवलेली पिशवी,
आणि दाराच्या आतल्या अंगाला
मुलगा, बालवाडीतला, ससा झालेला,
एक कान पडलेला.
कधी कधी मी उगाचच उघडतो.
काही घ्यायचं नसतं.
डोकं आत घालून उभा राहतो थोडा वेळ.
बाकीचे पाचजण तेव्हा छताकडे बघतात.
तेही उभे राहतात, आपापल्या दारात.
तेव्हा मी छताकडे बघतो.

"बाबा? आहेस ना?"

आहे. रेशनकार्डावर आहे,
शाळेच्या दाखल्यावर तुझ्या नावापुढे आहे,
दाराबाहेरच्या पाटीवर आहे, आईने रंगवून घेतलेल्या.
घरात माझा उच्चार होत नाही
एवढंच.

यातलं काही मी बोललो नाही.
म्हटलं, पेल्यांची फळी होती रे ती.
पी आहे, पण गप्प असतो.

"मग गाळला तर चालेल?"

नाही, म्हटलं. लिहायचा.
नाहीतर बाई मार्क कापतील.

तो पेन्सिलीने लिहीत असल्याचं
ऐकू आलं. की मला वाटलं.
नाखव्याने बिजागरीला तेलाचा थेंब सोडला
आणि दार चारदा उघडमीट करून पाहिलं.
पाचव्यांदा ते पुन्हा कुरकुरलं.