पावती

गंगापूर रोडला रात्री साडेदहाला
पुढे एकटी बाई चालत असली
की मी रस्ता ओलांडतो.
पलीकडून मोठ्यानं फोनवर,
"हो आई, निघालो, तू जेवून घे."
फोन बंदच असतो.

पळत नाही. सिटीबस सुटली तरी.
आजा म्हणायचा, पारध्याचं पोर धावलं
की मागे कुणाचं तरी काहीतरी चोरीला जातंच.

हुडी घेतली होती, नाशिकची थंडी.
ती धाकट्यालाही दिली नाही.

सायकलची पावती पाकिटात. घडीवरची
अक्षरं गेलीत. असू दे.

"भोसले? कुठले भोसले?"
आधी कंपनीचं कार्ड दाखवतो.

काल लिफ्टमध्ये कडेवरचं एक पोर
माझ्याकडे बघून हसलं.
मी खिशातून हात काढले,
दोन्ही, आईला दिसतील असे धरले.
मग हसलो.