मंगळवारच्या मिलिसेंट

लाऊथच्या चर्चमागच्या खोलीत दर मंगळवारी
मी मेलेल्यांची नावं संगणकात भरते.
हीटरला दोन दांड्या, तापते एकच.
मिस्टर ब्रॅकनबरी पांचट चहा आणतात
आणि कप वहीवर ठेवू नका म्हणतात,
दर मंगळवारी.

पहिली मिलिसेंट भेटली सोळाशे एकोणचाळीसात.
मिलिसेंट ऑड्लिन, विधवा. पुढे शाईचा डाग.
मग त्या येतच राहिल्या.
एक सुईण. समासात पाद्र्याचे बारीक अक्षर:
अर्ध्या गावाची नाळ हिने कापली,
खाटकाची उधारी ठेवून गेली.
एकीने नवरा गेल्यावर अकरा वर्षं
लड नदीवरची पिठाची गिरणी चालवली;
सही येत नव्हती, म्हणून जात्याचं वर्तुळ काढायची,
मधोमध खुंटा.
एकीला तीनदा दंड, जीभ सैल म्हणून.
(काय बोलली होती, ते लिहायला हवं होतं.)
एक तीन दिवसांची.
तिच्यापाशी नावच तेवढं होतं.

"जुनं जर्मन नाव," मिस्टर ब्रॅकनबरी म्हणाले,
"फ्रान्समधून झिजत झिजत आलं इथवर.
अमल म्हणजे काम, स्विंथ म्हणजे बळ."
मला हसू आलं.
माझ्या भाषेत अमल म्हणजे निर्मळ,
आणि वर टिंब दिलं की सत्ता.
"टिंबाने एवढं होतं?"
होतं, म्हटलं. पण टिंब द्यायचं कोणी?

राणीही होऊन गेली म्हणे या नावाची, गॉथ लोकांची.
तळ्यातल्या बेटावर नेऊन मारली तिला.
आमच्या वहीत बेट नाही.
बहुतेक बाळंतपणात गेलेल्या,
दोघी विहिरीत.

लग्नांची वही वेगळी. ती शेजारी उघडून ठेवायची.
मिलिसेंट ऑड्लिन ही आधीची मिलिसेंट टॉफ्ट,
तिच्या आईचंही नाव तेच.
आडनाव गळून पडतं,
पण नावाला धरून मागे जाता येतं,
जिन्याच्या कठड्याला धरून अंधारात उतरावं तसं.

सांगलीत, एकोणऐंशीच्या मे महिन्यात,
ताटात तांदूळ पसरून
अंगठीने एक नाव लिहिलं गेलं.
सगळ्यांनी वाकून वाचलं.
मीही वाकले, मलाही ठाऊक नव्हतं.
सुहासिनी.
छान आहे, असं मीच म्हणाले बहुतेक.
ते तांदूळ नंतर कोणी उचलले,
रात्रीच्या भातात गेले का,
चव कशी लागली,
विचारायचं राहून गेलं.

उद्या कोणी अशाच खोलीत बसून
मला शोधत मागे निघालं,
तर एकोणऐंशीपाशी त्याचा हात हवेत राहील.
तिथे कठडाच नाही.

दिवसाच्या शेवटी एक तक्ता भरावा लागतो.
नोंद करणाऱ्याचं नाव.
सहा वर्षं तिथे एस. करमरकर.
आज बोटं थांबली नाहीत,
द्वारका लिहून गेली.

मिस्टर ब्रॅकनबरींनी चष्मा कपाळावर सरकवला.
"ही कोण नवीन?"
जुनीच आहे, म्हटलं,
आणि पुढचं पान उलटलं:
मिलिसेंट, गुराख्याची मुलगी.
वय लिहिलेलं नाही.