सालीवरचं

पंजशंबे बाजाराच्या मागल्या दाराशी,
कांद्याच्या गोण्या उतरतात तिथे माझी खोली.
एक टेबल, वजनकाटा,
नायट्रेट मोजायचं यंत्र (त्याची बॅटरी मी पगारातून आणते)
आणि शिक्का.
पहाटे पाचला प्रत्येक ढिगातलं एक कलिंगड आत येतं.
मी सुई खुपसते, आकडा वाचते,
कागदावर शिक्का मारते.
खुजंदमध्ये अकरा वर्षं हेच करते आहे.

ऑगस्टच्या दुसऱ्या मंगळवारी
फोनाफोनांतून एक मुलगा मेला.

इस्फराकडचा, सहा वर्षांचा. कुणी म्हणे सात.
कलिंगडात लाल रंग टोचला होता म्हणे,
कुणी म्हणे उंदरांचं औषध.
एका बाईचा रडवेला आवाज:
पोरांना देऊ नका गं, पुढे पाठवा.

दुपारी होलमातचा ढीग जसाच्या तसा.
माझा कागद त्याने पुठ्ठ्यावर डकवलेला.
लोक कागद वाचत, मान डोलवत,
आणि मग देठापाशी भोक शोधत.
शोधणाऱ्याला काय, सापडतंच:
किडीची टोच, ओरखडा, गाडीत घासल्याची खूण.

संध्याकाळी फोटो आला. हिरवी साल, मधोमध बारीक छिद्र,
भोवती कुणीतरी लाल वर्तुळ काढलेलं.
मी ओळखलं ते छिद्र.
पहाटेचं माझंच.
तपासलेलं फळ फेकून द्यायचं असतं,
होलमातने दुपारी खायला म्हणून खाली ठेवलं होतं.

त्या रात्री मी मुलगा शोधला.
इस्फराच्या मावसबहिणीने दाखवलं कोनिबोदोमकडे,
कोनिबोदोमच्या नर्सने दाखवलं डोंगराकडे,
डोंगरावरचा मास्तर म्हणाला,
आम्ही तर ऐकलं, खुजंदचा होता.
नाव कुणाकडेच नव्हतं.
नाव नसलेल्या पोरासाठी
अख्खं खोरं हळहळत होतं,
आणि हळहळ खोटी नव्हती, हेच अवघड.

कारण जुलैत माझा एहसोन
तीन दिवस उलट्यांनी पिवळा पडला होता.
त्याला कुणी काही टोचलं नव्हतं.
सासूने अर्धं कलिंगड खिडकीत ठेवलेलं,
वर प्लास्टिक, प्लास्टिकखाली एक माशी,
बाहेर चाळीस अंश.
कापायची सुरी तीच, मटणाची,
फडक्याला पुसलेली.
हे कुणी पुढे पाठवलं नाही.
मीही नाही. शरम वाटली.

शुक्रवारी मी बादली घेऊन बाहेर आले.
होलमातच्या ढिगातलं मधलं उचललं,
ब्रशने घासलं, माती बादलीत उतरली,
सीर दर्यासारखं पाणी गढूळलं.
हात साबणाने. सुरी उकळत्या पाण्यातली.
कापलं.
पांढऱ्या शिरा दिसताच कुजबुज: हेच, हेच ते रसायन!
शिरा असतात, म्हटलं. तुमच्या मनगटावरही आहेत.

मग सांगितलं ते असं:
भीती आतली धरलीत, ती बाहेर असते.
साल शेणमातीत झोपते, ट्रकात लोळते, दहा हातांतून जाते,
आणि न धुता कापलंत तर सुरी
हे सगळं गोड भागात घेऊन जाते.
म्हणून आधी धुवा.
आणि कापलेलं उन्हात ठेवू नका,
फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर लगेच संपवा.

"एवढंच?" एक बाई म्हणाली.
तिचा चेहरा पडला होता,
जणू मी तिच्याकडून काही हिसकावलं.

मी फोड खाल्ली. होलमातने दोन खाल्ल्या,
बिया मिशीत.
बरेच जण पाहून निघून गेले.
शेवटी टोपीवाले एक म्हातारे पुढे आले,
नाणी मोजत, अगदी हळू:
"एकटा आहे मी. अर्धं कापून द्याल?"
माझ्या तोंडून निघून गेलं,
"कापलेलं नेऊ नका बाबा, या उन्हात घर लांब असेल तर."

लांबच होतं घर.
म्हातारे नाणी खिशात टाकून गेले,
आणि होलमात माझ्याकडे असा पाहत राहिला
की वाटलं, तो रडवेला आवाज
माझाच असावा.